मॉफमध्ये हायड्रोजन किती मावतो? इंडेंटपासून रिपोर्टपर्यंतची हकिगत

८ ऑक्टोबर २०२५ ला रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना जाहीर झालं. काम होतं धातू-सेंद्रिय चौकटींवरचं, म्हणजे आम्ही लॅबमध्ये ज्यांना दिवसभर ‘मॉफ’ म्हणतो त्यांच्यावरचं. तेव्हापासून एमएस्सीची मुलं-मुली विचारत येतात, “ताई, मॉफमध्ये हायड्रोजन साठवण्यावर पीएचडी करायची आहे, सुरुवात कुठून करू?” पेपर त्यांनी वाचलेले असतात. पण पेपरात सिलिंडरची फाइल नसते, पावसाळा नसतो आणि सॅम्पल ट्यूबचं वजन कसं करायचं तेही नसतं. मी पुण्यात याच विषयावर पीएचडी करते आहे. प्रबंधातलं मोजमापाचं प्रकरण जानेवारी २०२४ मध्ये हाती घेतलं होतं, ते नुकतंच पूर्ण झालं. सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

आधी विषयाबद्दल थोडं. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते, वजनाच्या हिशेबात पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट. अडचण जागेची आहे. साध्या दाबाला आणि तापमानाला हा एक किलो बारा घनमीटर जागा अडवतो. म्हणून एकतर तो दाबायचा (टोयोटाच्या मिराई गाडीत ७०० बारच्या टाक्या आहेत; एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेइतका दाब), नाहीतर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करायचा. लॅबमध्ये येतो तो साधा लाल सिलिंडर पन्नासेक किलोचा असतो, आणि त्यात हायड्रोजन असतो कसाबसा अर्धा किलो. तिसरा मार्ग आमचा: टाकीत मॉफसारखा अतिशय सच्छिद्र पदार्थ भरायचा, म्हणजे हायड्रोजनचे रेणू त्याच्या आतल्या भिंतींना चिकटून दाटीनं बसतात आणि दाब बराच कमी लागतो. भिंती किती? चांगल्या मॉफ-५ च्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ तीन हजार चौरस मीटरच्या पुढे जातं. आपल्या भाषेत एका ग्रॅमात तीस गुंठे. ढोबळ नियम असा की ७७ केल्विनला (उणे १९६ अंश, द्रव नायट्रोजनचं तापमान) दर ५०० चौरस मीटरमागे वजनाच्या एक टक्का हायड्रोजन चिकटतो.

जानेवारीत सरांनी सांगितलं, “नवा पदार्थ नंतर. आधी ज्याचं उत्तर जगाला माहीत आहे तो पदार्थ घे आणि तेच उत्तर काढून दाखव.” तो पदार्थ ठरला मॉफ-५. तेव्हा मला ते वेळखाऊ वाटलं होतं. या क्षेत्राचा इतिहास वाचल्यावर कारण कळलं. १९९७ नंतर काही वर्षं कार्बन नॅनोट्यूबमध्ये भरमसाट हायड्रोजन मावतो असे दावे झाले आणि त्यातले बरेचसे पुढे टिकले नाहीत, कारण खोट मोजण्यात होती. मॉफ-५ चंही तसंच. तो १९९९ मध्ये याघींच्या गटानं जाहीर केला, २००३ मध्ये त्यात हायड्रोजन साठतो हे दाखवलं. नंतर वेगवेगळ्या लॅबचे आकडे जुळेनात. २००७ मध्ये के, डेली, याघी आणि लाँग यांनी दाखवलं की हवा आणि ओलावा अजिबात लागू दिला नाही तर हाच मॉफ-५ ७७ केल्विन आणि ४० बारला ७.१ टक्के हायड्रोजन धरतो. पदार्थ तोच, रेसिपीही जवळपास तीच, फरक हाताळणीचा. माझ्या पुढच्या पावणेदोन वर्षांचं सार त्या पेपरात होतं.

फेब्रुवारीत खरेदी सुरू झाली. ९९.९९९ टक्के शुद्धतेचा हायड्रोजन, तेवढाच शुद्ध हीलियम, दोन टप्प्यांचा रेग्युलेटर, फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीतून मागे सिलिंडरकडे जाऊ न देणारा), ३१६ दर्जाच्या स्टीलची नळी आणि हायड्रोजन डिटेक्टर. वायूचे पैसे त्या मानानं कमी, काही हजारांत भागतं. महाग पडतात बाकीच्या वस्तू. आमचा रेग्युलेटर तीस हजारांच्या आसपास गेला आणि डिटेक्टर त्याहून वर. सरकारी पैशातून घ्यायचं तर आधी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर शोधायचं. तिथे नेमकी वस्तू नसेल तर ती उपलब्ध नसल्याचा अहवाल पोर्टलवरूनच काढायचा, तो इंडेंटला (खरेदीच्या मागणीपत्राला) जोडायचा आणि मगच बाहेरची कोटेशनं मागवायची. हा अहवाल ठराविक मुदतीपुरताच ग्राह्य धरतात. म्हणून इंडेंटचे बाकीचे कागद तयार झाल्याशिवाय तो काढू नका. आमच्या शेजारच्या लॅबची फाइल एवढ्याच कारणानं परत आली होती. दुसरं, स्पेसिफिकेशनमध्ये रेग्युलेटरचा धागा स्पष्ट लिहा. ज्वलनशील वायूच्या सिलिंडरचे आटे डावे असतात, नायट्रोजनचा रेग्युलेटर तिथे बसतच नाही.

सुरक्षा समितीची मंजुरी हा सगळ्यात मोठा थांबा. समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. मार्चच्या बैठकीत आमची फाइल ‘अधिक माहिती हवी’ असा शेरा घेऊन परत आली आणि थेट जूनमध्ये मंजूर झाली. तेव्हा फार चिडचिड झाली, पण त्यांचे प्रश्न रास्त होते हे मान्य करायला हवं. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेट घेतो, ठिणगी नावापुरती पुरते आणि ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. त्यांना हवं होतं ते असं: सिलिंडर खोलीबाहेर, सावलीत, साखळीनं बांधलेला, डिटेक्टर छताजवळ, कारण हायड्रोजन वर जातो, उपकरणाच्या व्हॅक्यूम पंपाचा धूर खोलीत न सोडता नळीनं बाहेर, आणि गळती झाली तर कोण काय बंद करणार याची एका पानाची लेखी पद्धत, मराठीतही. हे शेवटचं पान मी जोडलेलं नव्हतं, कारण ते मागितलंच नव्हतं. तुम्ही पहिल्याच अर्जाला जोडा. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांना ते समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलेले प्रश्न समितीपेक्षा नेमके होते, आणि त्यातले दोन मुद्दे आम्ही नंतर पानात घातले. सिलिंडर उतरवून घेताना खांद्यावर कोरलेली चाचणीची तारीख वाचा. मुदत संपलेली असेल तर घेऊ नका, पुरवठादार कितीही ओळखीचा असो.

गॅस लाइन जून संपता संपता जोडली. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं, मग हीलियम भरून रात्रभर दाब धरतोय का ते पाहिलं. लॅबच्या काकांनी एका जोडावर बोट ठेवून सांगितलं, “अगं, इथं बुडबुडा येत नाही म्हणून गळत नाही असं नाही. सकाळचा आकडा बघ, मग बोल.” सकाळी आकडा उतरलेला होता. तो जोड काढून नवा फेरूल (जोडातली धातूची कडी) बसवला तेव्हा दाब स्थिरावला. हायड्रोजनचा रेणू इतका लहान की पाण्याच्या भाषेत विचार करून चालत नाही.

आणि मग जुलै. पुण्याचा पाऊस आणि मॉफ-५ यांचं वैर आहे. या पदार्थात चार झिंक अणू एका ऑक्सिजनभोवती बसलेले असतात आणि अशा गाठी टेरेफ्थॅलिक आम्लाच्या काड्यांनी जोडलेल्या असतात. (हे आम्ल म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या पेट प्लास्टिकमधलं.) हवेतलं पाणी त्या झिंकपाशी पोचलं की काडी सुटते आणि चौकट ढासळते. काका म्हणाले होते, “दिवाळीनंतर कर.” सरांचं म्हणणं उलट: पावसाळ्यात जमलं तर बाराही महिने जमेल.

बनवणं सोपं आहे. झिंक नायट्रेट आणि टेरेफ्थॅलिक आम्ल डीएमएफ या द्रावकात विरघळवून बंद बाटलीत, शंभर अंशांच्या आत-बाहेर, एक दिवस. दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी आणि काचेला चिकटलेले बारीक पारदर्शक घन दिसतात, भिंगातून पाहिले तर कडा धारदार, साखरेच्या दाण्याहून लहान. हे दृश्य मी अजूनही थांबून बघते. घाई करून गाळायचं मात्र नाही. राहिलेली घाण पुढच्या टप्प्यात सोबत येते. कोरड्या डीएमएफनं धुवायचं, मग डायक्लोरोमिथेनमध्ये बुडवून ठेवायचं आणि ते दोन-तीन दिवस बदलत राहायचं, म्हणजे छिद्रांतला डीएमएफ निघून त्या जागी सहज उडून जाणारा द्रव बसतो. हे सगळं ग्लोव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेली हवाबंद पेटी) किंवा आर्गॉनखाली. त्यानंतर निर्वातात गरम करायचं, यालाच डीगॅस म्हणतात.

नमुना शाबूत आहे का हे सांगतो एक्स-रे. मॉफ-५ च्या आलेखात पहिली दोन शिखरं साधारण ६.९ आणि ९.७ अंशांच्या कोनांवर येतात. पाणी लागलं की ८.९ च्या आसपास तिसरंच एक शिखर डोकं वर काढतं. ऑगस्टमध्ये मी एक छोटीशी चाचणी मुद्दाम केली: एकाच बाटलीतली पूड दोन भागांत वाटली, एक भाग आर्गॉनखाली ठेवला, दुसरा काचेच्या बशीत टेबलावर. खिडकीबाहेर संततधार होती. संध्याकाळपर्यंत बशीतल्या पुडीत ८.९ चं शिखर स्पष्ट दिसू लागलं. डोळ्यांना दोन्ही पुडी सारख्याच पांढऱ्या. एक्स-रेच्या खोलीपर्यंत नमुना नेताना लागणारी हवासुद्धा टाळायला हवी, म्हणून आम्ही नमुना-पात्रावर पातळ पॉलिमर फिल्मची टोपी वापरतो. आमच्याकडे एक्स-रेला नमुन्यामागे काही शे रुपये लागतात, त्यात काटकसर करू नका. प्रत्येक टप्प्यानंतर एक आलेख घ्या.

गणपतीनंतर पृष्ठफळ मोजायला घेतलं. आमच्या संस्थेतलं यंत्र सामायिक आहे, आठवड्यातून ठरलेले दिवस मिळतात, आणि द्रव नायट्रोजनची गाडी आठवड्यातून दोनदाच येते. हे दोन दिवस जुळले नाहीत तर आठवडा गेला. आमचा पुरवठादार लिटरला साठ-सत्तर रुपये लावतो. ड्युअर (त्याचं थर्माससारखं भांडं) भरून ठेवलं तरी दिवसागणिक उडून जातं, म्हणून साठवायचा विचार करू नका, दिवस जुळवा. आणि छोट्या बंद खोलीत द्रव नायट्रोजन ओतत बसू नका, दार उघडं ठेवा. तो उडून खोलीतला ऑक्सिजन कमी करतो आणि तसं होतंय हे कळतही नाही.

आता वजनाची गोष्ट. अख्ख्या लेखात एवढंच कुणी लक्षात ठेवलं तरी चालेल. हायड्रोजन हलका असल्यामुळे शंभर मिलिग्रॅम नमुन्यात एक टक्का म्हणजे फक्त एक मिलिग्रॅम हायड्रोजन. यंत्र तो वजनानं मोजत नाही, ते वायूचं आकारमान मोजतं (एक मिलिग्रॅम म्हणजे साधारण ११ मिलिलिटर) आणि आपण दिलेल्या नमुन्याच्या वजनानं भागतं. म्हणजे वजन चुकलं की सगळं उत्तर त्याच टक्क्यानं चुकतं. नमुन्याचं खरं वजन डीगॅस झाल्यावरचं, द्रव उडून गेल्यानंतरचं. ते काढायला रिकामी ट्यूब आधी तोलायची आणि नमुन्यासकट नंतर तोलायची. इथे मेख अशी की डीगॅसनंतर ट्यूबमध्ये परत कोणता वायू भरला होता? वीस मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये नायट्रोजन असेल तर त्याचं वजन सुमारे २३ मिलिग्रॅम, हीलियम असेल तर ३. रिकामी ट्यूब नायट्रोजन भरून तोलली आणि नमुन्याची ट्यूब हीलियम भरून, तर वीस मिलिग्रॅमचा फरक कुठून आला हे शोधत बसावं लागतं. शंभरावर वीस! मला हे एका सीनियर मुलीनं पहिल्याच दिवशी शिकवलं, वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावलं. दोन्ही वेळा तोच वायू, तोच दाब, तीच झाकणी.

पहिल्या नमुन्यांचं पृष्ठफळ दोन हजारांच्या आतच राहिलं. डायक्लोरोमिथेन नवं उघडलं, मॉलिक्युलर सीव्हवर (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांवर) वाळवलं, डीगॅसचं तापमान एकदम न चढवता टप्प्याटप्प्यानं नेलं, तसे आकडे वर सरकत गेले. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात ३,२०० च्या आसपास पोचलो. सरांना मेसेज केला, त्यांनी उत्तरात फक्त लिहिलं, “परत कर.” परत केला. तेवढाच आला. त्या रात्री मी घरी फोन करून आईला सांगितलं, आणि तिला पृष्ठफळ म्हणजे काय हे तीस गुंठ्यांवरून चटकन कळलं.

हायड्रोजनची पहिली मोजणी फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली, ७७ केल्विन आणि एक बारपर्यंत. मॉफ-५ नं सुमारे १.३ टक्के घेतला. प्रकाशित आकडाही तोच आहे. शेजारी एचकेयूएसटी-१ ठेवला होता, हाँगकाँगच्या विद्यापीठावरून नाव पडलेला तांब्याचा मॉफ. तो बघायलाही देखणा. पाणी धरलेला असताना फिरोजी, आणि डीगॅस होताना ट्यूबमध्ये बघता बघता गडद जांभळट निळा होतो, कारण तांब्यावरचं पाणी निघून ती जागा मोकळी होते. त्याचं पृष्ठफळ मॉफ-५ च्या निम्मं, तरी एक बारला त्यानं अडीच टक्के घेतला. कमी दाबाला किती भिंत आहे यापेक्षा भिंत किती ओढते याला महत्त्व असतं. अरुंद छिद्रं आणि उघडे तांब्याचे अणू हायड्रोजनला जास्त जोरानं धरतात. हे वाचून माहीत होतं, पण स्वतःच्या दोन वक्रांवर ते दिसणं निराळं.

मोजणीच्या वेळच्या काही सवयी सांगते. नमुन्याआधी रिकाम्या ट्यूबची पूर्ण मोजणी करा. तिथेही ‘हायड्रोजन शोषला’ असं दिसलं तर तेवढी तुमच्या यंत्राची खोट. हीलियमनं मोकळी जागा मोजल्यावर नमुना पुन्हा डीगॅस करा, हीलियम बारीक छिद्रांत रेंगाळतो. आणि परतीचा, म्हणजे दाब उतरवतानाचा, वक्र नेहमी घ्या. अशा भौतिक चिकटण्यात जाताना आणि येताना बिंदू एकाच रेषेवर पडायला हवेत. तसे पडले नाहीत तर नवा शोध लागला असं समजण्याआधी गळती शोधा.

शंभर बारपर्यंतचं यंत्र आमच्याकडे नाही. आय-स्टेम या संशोधन उपकरणांच्या पोर्टलवर शोधून दुसऱ्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेत अर्ज केला, एप्रिलमध्ये. वेळ मिळाली सप्टेंबरची. खर्च नमुन्यामागे दहा हजारांच्या घरात आणि वर १८ टक्के जीएसटी. जीएसटीचा आकडा मंजुरीच्या पत्रात आधीच धरा, नाहीतर फरकाच्या रकमेसाठी नवी फाइल. एक बारच्या यंत्राला शंभर मिलिग्रॅम पुरतात, तिथे निदान अर्धा ग्रॅम हवा, कारण दाब वाढला की प्रत्येक लहान चूक फुगते. नमुने ग्लोव्ह बॉक्समध्ये काचेच्या अँप्यूलमध्ये भरून, निर्वातात वितळवून बंद केले आणि कुरिअरवर विश्वास न ठेवता स्वतः रेल्वेनं घेऊन गेले.

तिथल्या ऑपरेटर दादांनी आधी एक बारचे बिंदू काढले आणि माझ्या वक्रावर ठेवून पाहिले. जुळले. मगच पुढे गेले. ७७ केल्विन, ४० बारला मॉफ-५ सहा टक्क्यांच्या जरा वर थांबला. ७.१ नाही, पण ३,२०० पृष्ठफळाला शोभेल असा. एचकेयूएसटी-१ तिथे मागे पडला, साडेतीनच्या आतच भरून गेला. म्हणजे एक बारला जिंकलेला चाळीसला हरला, भिंती संपल्या. मग तीच मोजणी खोलीच्या तापमानाला, शंभर बारपर्यंत. मॉफ-५ चा आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली. मला तो अपेक्षित होता, तरी पडद्यावर आडवी रेघ बघताना मन खट्टू झालं. अशा पदार्थांत हायड्रोजन मोलमागे साधारण ४ ते ७ किलोज्यूलनं चिकटतो आणि खोलीच्या उष्णतेत तो टिकत नाही. ती पकड १५ च्या आसपास न्यायला हवी. निकेलच्या एका मॉफमध्ये लाँग यांच्या गटानं ती १३.७ पर्यंत नेली आहे, आणि २५ अंशांना ५ ते १०० बारच्या दरम्यान लिटरला ११ ग्रॅम वापरता येण्याजोगा हायड्रोजन मिळतो. तेवढ्याच दाबांत नुसता दाबलेला वायू सातच्या आसपास देतो. माझं पुढचं प्रकरण याच उघड्या धातूंच्या वाटेवर आहे. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींची मंजुरी मिळाली, तेव्हा २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. हा सगळा वायू कुठेतरी साठवावा लागणार, त्यामुळे ही आडवी रेघ वर उचलणं मला फार मोलाचं वाटतं.

बाहेरच्या प्रयोगशाळेकडून रिपोर्ट घेताना तीन गोष्टी मागून घ्या. आलेखाची पीडीएफ पुरत नाही, कच्च्या आकड्यांची फाइल हवी. आकडा ‘एक्सेस’ आहे की ‘टोटल’ हे लेखी हवं: पहिल्यात भिंतीमुळे जास्तीचा आलेला हायड्रोजनच धरतात, दुसऱ्यात छिद्रांत तसाही असणारा वायू मिळवतात. २००७ च्या त्याच पेपरात ४० बारला ‘एक्सेस’ ७.१ आणि १०० बारला ‘टोटल’ १० टक्के असे दोन्ही आकडे आहेत. आणि शंभर बारला हायड्रोजन आदर्श वायूसारखा वागत नाही, तेव्हा घनतेसाठी कोणतं समीकरण वापरलं तेही विचारा. बिल संस्थेच्या नावानं आणि संस्थेच्या जीएसटी क्रमांकानं बनवून घ्या. माझं एकदा माझ्या नावानं आलं होतं, ते दुरुस्त होऊन यायला महिना गेला.